पाचवे बल शोधण्यासाठी टॉर्शन बॅलन्स: आराखडा टाकतोय, चिरफाड करा

अर्धवर्तुळ

एमएस्सीच्या वर्षभराच्या प्रकल्पासाठी हा आराखडा आहे. जागा पुण्यातली, कॉलेजच्या तळमजल्यावरची खोली. ‘जी’ (गुरुत्वस्थिरांक) मोजणे हा उद्देश नाही. पाच आणि दहा सेंटिमीटरवर गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच घटते की त्यात ज्ञात चार बलांपलीकडच्या एखाद्या अज्ञात, पाचव्या बलाची भेसळ आहे, एवढेच तपासायचे.

भेसळीचे रूप सगळे वापरतात तेच घेतले आहे. न्यूटनच्या पदाला जोडून एक घातांकी पद, त्याला दोन आकडे. अल्फा म्हणजे नव्या बलाची गुरुत्वाच्या तुलनेत ताकद, लॅम्डा म्हणजे त्याची पोच. वाहक कणाला वस्तुमान असले की पोच मर्यादित होते. ५ सेंमी पोच म्हणजे सुमारे ४ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण. कुठल्याही कोलायडरमध्ये इतका हलका आणि इतका दुबळा कण थेट दिसणार नाही, म्हणून टॉर्शन बॅलन्स: बारीक तारेला आडवी दांडी टांगलेला तराजू, बल तारेच्या पिळावरून कळते.

मांडणी अशी:

तार टंगस्टनची, २५ मायक्रॉन व्यास, लांबी ५० सेंमी. ॲल्युमिनियमच्या बारीक नळीची दांडी, तिच्या दोन्ही टोकांना मध्यापासून ५ सेंमीवर १५-१५ ग्रॅमचे शिशाचे गोळे. आरसा धरून लटकणारा भार ४५ ग्रॅमच्या आत. ओढणारे गोळे दोन, प्रत्येकी दीड किलो शिसे, व्यास ६.३ सेंमी, फिरत्या पाटावर. लेझर ६५० नॅनोमीटरचा, आरशापासून ३ मीटरवर सेन्सर.

हिशोब: तारेचा पीळ-स्थिरांक साधारण १२ नॅनोन्यूटन-मीटर प्रति रेडियन, आवर्तनकाल आठ-साडेआठ मिनिटे. मोठा आणि छोटा गोळा केंद्रापासून केंद्रापर्यंत ५ सेंमीवर असताना पीळबल (टॉर्क) ६० पिकोन्यूटन-मीटर. गोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले की ठिपका जवळपास ६ सेंमी सरकतो. पूर्ण मांडणी तांब्याच्या गोल डब्यात ठेवायची, डबा तांबट आळीतून करून घेता येईल.

कुठे चुकतंय?

---

शिसेगोळी

हिशोबात एक गोळा विसरलात. प्रत्येक छोट्या गोळ्याला जवळचा मोठा गोळा ओढतो तसा लांबचाही ओढतो, आणि उलट दिशेने. तुमच्या मापांत ५ सेंमीवर त्याने सुमारे ९ टक्के पीळबल खाल्ले जाते, म्हणजे ६० नव्हे, ५५ पिको. ठिपका ५.४ सेंमी सरकेल. इथवर ठीक. १० सेंमीवर मात्र तोच गोळा तब्बल ३५ टक्के खातो. तिथे १५ पिको धरून बसलात तर हाती पडतील ९.७. प्रमाण काढताना हे विसरलात तर पाचवे बल पहिल्याच रात्री सापडेल. :)

गोल डबा बसणारच नाही. कागदावर वरून आकृती काढून बघा: मोठ्या गोळ्याची जवळची कड अक्षापासून ३.९ सेंमीवर येते आणि दांडीचे टोक जाते ५.७ सेंमीपर्यंत. डबा चपटाच हवा: आतून ३ सेंमी रुंद, १३ सेंमी लांब, पत्रा १ मिमी. छोट्या गोळ्याला दोन्ही अंगांनी ८ मिमी मोकळीक राहते आणि मोठा गोळा पत्र्यापासून सव्वादोन-अडीच मिमीवरून जातो. तार जाते तेवढी वरची मान गोल नळीची ठेवा. आळीतले कारागीर हे सहज करून देतील. फक्त ‘ठोक्याचं काम नको, सपाट पत्रा’ हे आधी सांगा, नाहीतर सुंदर मठारलेला डबा मिळेल.

शिशाबद्दल. ओतीव गोळा थंड होताना आकसतो आणि आत पोकळी राहते. तपासणी सोपी: दीड किलोचा गोळा दोऱ्याने पाण्यात बुडवून वजन करा, १३२ ग्रॅमने कमी भरले पाहिजे. १३५-१३६ भरला तर आत कुठेतरी तीन-चार घन सेंमी हवा आहे आणि वस्तुमानकेंद्र भूमितीय केंद्रात नाही. अशा गोळ्यावर खूण करा आणि अर्धे वाचन गोळा अर्धवर्तुळात फिरवून घ्या, सरासरीत बरीचशी चूक निघून जाते. बॅटरीचे भंगार शिसे वितळवू नका. त्यात अँटिमनी असतो, घनता कमी भरते, शिवाय धूर विषारी. हातमोजे घाला, गोळ्यांना रंगाचा एक पातळ हात द्या. (रंगाचं पुढे कुणीतरी सांगेलच, त्यातही गोम आहे.)

---

अर्धवर्तुळ

दंडवत. ३५ टक्के हा आकडा डोक्यातच नव्हता.

तारेबद्दल: २५ मायक्रॉनची तार लवकर मिळत नाही. भोसरीत वायरकटवाल्यांकडे (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्यांकडे) मॉलिब्डेनमची ०.१८ मिमी तार रिळांनी पडून असते. ती चालेल का?

---

शिसेगोळी

नाही. पीळ-स्थिरांक त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. १८० भागिले २५ म्हणजे ७.२, त्याचा चौथा घात २,७०० च्या आसपास. मॉलिब्डेनम टंगस्टनपेक्षा थोडे मऊ, तरी तार सुमारे २,१०० पट ताठ. ठिपक्याची साडेपाच सेंमीची हालचाल पाव मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येईल आणि आवर्तनकाल ११ सेकंदांवर. म्हणजे रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस मोजाल.

उलट्या टोकाचा मोहही नको. २५ मायक्रॉनची तार साधारण १२०-१२५ ग्रॅमला तुटते. ४५ ग्रॅम म्हणजे एक तृतीयांशाच्या थोडे वर, हे ठीक. १५ मायक्रॉनवर गेलात तर तुटायचा भारच ४५ वर येतो.

तार सोन्याचा मुलामा दिलेली घ्या, कणशोधकांच्या वायर चेंबरसाठी अशीच वापरतात. मुलाम्यामुळे टोकाशी विद्युतजोड पक्की होते. टोके सुपरग्लूने चिकटवू नका. गोंद आठवडाभर हळूहळू सरकत राहतो आणि शून्यबिंदू रोज एका दिशेला चालत जातो. इंजेक्शनच्या सुईचा सेंटिमीटरभर तुकडा घ्या, त्यात तार घालून पक्कडीने चेपा. रिळावरून तार उलगडताना रीळ फिरवायचे, तार वरून ओढून काढायची नाही. एकदा गाठीसारखी घडी पडली की तो तुकडा फेकून द्या. टांगल्यावर पहिला आठवडा तार स्वतःच पीळ सोडत असते, त्या आठवड्याची मापे वहीत लिहा पण हिशोबात घेऊ नका.

---

ओहम_शांती

रंगाची गोम अशी: रंगवलेला गोळा अर्थिंगला जोडलेला नसतो. पाटावर घासून त्यावर भार साचतो. १ चौरस सेंमी पृष्ठे समोरासमोर, मधे १ सेंमी, विभव फक्त १० व्होल्ट, तर बल ०.४४ नॅनोन्यूटन. तुमचे गुरुत्वबल आहे ०.६ नॅनोन्यूटन. आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यातल्या कोरड्या दुपारी नायलॉनच्या शर्टावर हजारो व्होल्ट असतात. म्हणजे गोळ्यांना बेअरिंगमधून नव्हे तर तारेने जोडून अर्थिंग, डब्याला अर्थिंग, आणि दांडीला तारेतूनच अर्थिंग. मल्टिमीटरने दांडी ते डबा जोड आहे का तपासा. जोड न दाखवणारी चेप म्हणजे वाया गेलेला महिना. रंग द्यायचाच तर ग्रॅफाइटचा, वाहक. लेझरसाठी डब्याला खिडकी लागेल, तिच्या काचेवर बारीक तांब्याची जाळी. ॲक्रिलिकचा एक तुकडासुद्धा आत नको.

दोन वेगळ्या धातूंच्या पृष्ठांमधला स्पर्शविभव दशांश व्होल्टचा असतो, त्याचे बल या अंतरावर वरच्या १० व्होल्टच्या बलापेक्षा दहा हजार पटींनी कमी, सोडून द्या. ५० मायक्रॉनवरच्या प्रयोगांत मात्र तोच खलनायक. सिएटलच्या एओट-वॉश गटाने म्हणून दोन चकत्यांच्या मधे सोन्याचा मुलामा दिलेला बेरिलियम-कॉपरचा १० मायक्रॉन जाडीचा पडदा ताणून बसवला होता. २०२० मधला त्यांचा निकाल ५२ मायक्रॉनपर्यंत वर्गव्यस्त नियम टिकतो असा.

चुंबकत्व. पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. दांडीवर लोखंडाची एवढीशी कणी अडकली आणि तिचा चुंबकी आघूर्ण एक मायक्रो-ॲम्पिअर-चौरस-मीटर असला की पीळबल ४० पिको. स्थिर राहिले तर त्याने फक्त शून्य सरकते आणि तारेचा ताठरपणा तीन-चार हजारांश बदलतो. पण शेजारच्या वर्गात कुणी लोखंडी कपाट सरकवले की गेले. ‘स्टेनलेस आहे, चुंबक लागत नाही’ यावर विसंबू नका. ३०४ चा स्क्रू आटे पाडताना थोडा चुंबकी होतोच. पितळी स्क्रूसुद्धा दोऱ्याला टांगून निओडिमियम चुंबकाजवळ नेऊन बघा, भंगारातून आलेल्या पितळेत लोखंड असते. घासायची कानस एकच ठेवा, ती लोखंडावर वापरायची नाही.

---

नळीतला_वारा

हवेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. डबा बंद असला तरी आत हवा फिरते. एका भिंतीला तळहात टेकवून काढून घेतला तर ठिपका पुढचा तासभर भटकताना दिसेल. बाहेरून ५ सेंमी थर्मोकोल, सगळ्या फटी बुजवा, पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, उन्हाची खिडकी आतून झाका. पाट फिरवायला स्टेपर मोटर लावणार असाल तर थांबल्यावर तिचा होल्डिंग करंट (मोटर जागच्या जागी धरून ठेवणारा प्रवाह) तोडा. नाहीतर गोळ्यांखाली दहा वॉटची शेगडी ठेवल्यासारखे होते, आणि ही शेगडी गोळ्यांबरोबरच जागा बदलते. संकेताच्या तालावर नाचणारी चूक सगळ्यात वाईट.

आता कुणीतरी म्हणेल निर्वात करा. एसी मेकॅनिकचा दोन टप्प्यांचा पंप बुधवार पेठेत मिळतो, वर ‘१५ मायक्रॉन’ छापलेले असते. ते पाऱ्याचे मायक्रॉन, म्हणजे २ पास्कल. नेमका हाच पट्टा टाळायचा आहे. १ पास्कलला हवेच्या रेणूचा मुक्त पल्ला (दोन टकरींमधले सरासरी अंतर) साडेसहा मिमीच्या आसपास, म्हणजे तुमच्या मोकळिकीएवढाच. अशा वेळी गरम भिंतीकडून येणारे रेणू जास्त जोराने आदळतात. काचेच्या गोळ्यात फिरणारी ती काळी-पांढरी पाती आठवा, तोच परिणाम. अर्धवट निर्वात साध्या हवेपेक्षा वाईट. एकतर वातावरणीय दाबावर राहा, नाहीतर टर्बो पंपाने मिलिपास्कलच्या खाली जा. मधे थांबू नका. या बजेटमध्ये हवाच बरी.

हवेत राहण्याचा फायदा म्हणजे दांडीची डोलणी काही तासांत मरते. तेवढेही थांबायची गरज नाही. युक्ती: गोळे ‘अ’ बाजूला आहेत, दांडी स्थिर आहे. पाट एकदम ‘ब’ला नेऊ नका. आधी मधोमध, जिथे पीळबल शून्य, तिथे आणा. बरोबर अर्धा आवर्तनकाल थांबा. तेवढ्यात दांडी डोलून दुसऱ्या टोकाला पोचते आणि क्षणभर थबकते. त्याच क्षणी पाट ‘ब’ला न्या. नवा समतोलबिंदू तिथेच असल्याने दांडी जवळजवळ तिथेच उभी राहते. चार-पाच सेकंद इकडेतिकडे चालतात.

---

काळा_पाषाण

खोली तळमजल्यावर, हे उत्तम. पण खाली काय आहे ते पाहिलेत का? मुळा-मुठेकाठच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पाया असेल तर पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात तडकते, इमारत मायक्रोरेडियनांनी कलत राहते. टेकडीच्या पायथ्याला बसाल्टवर असाल तर निम्मे काम झाले. तार वरच्या चेपीत कधीच पूर्ण सममित नसते, त्यामुळे चौकट कलली की कलण्याच्या एक-दोन टक्के पीळ म्हणून दिसतो. पाटाचे खांब आणि बॅलन्सची चौकट एकमेकांना कुठेही टेकता कामा नयेत, शक्य तर वेगवेगळ्या फरश्यांवर. गोळे समोरासमोर असल्याने पाटाचे वस्तुमानकेंद्र हलत नाही, ही आराखड्यातली चांगली गोष्ट. मोटर मात्र एका कडेला लोंबकळवू नका.

माणसाचेही गुरुत्व मोजा. ७० किलोचा माणूस दांडीपासून १ मीटरवर तिरका उभा राहिला तर अर्धा पिकोन्यूटन-मीटर. १० सेंमीच्या तुमच्या ९.७ मध्ये हे पाच टक्के. अंतराच्या घनाने घटते, ३ मीटरवर ०.०२. म्हणून वाचन रात्री ११ ते पहाटे ५, खोलीला कुलूप, संगणक बाहेर. रात्री वाहतूकही कमी असते. दिवसाचा डेटा घ्या, पण तुलनेपुरता.

झुलणे (पीळ नव्हे, लंबकासारखे) मारण्यासाठी: वर ३ सेंमी लांब, १५० मायक्रॉनचा जाड तुकडा, त्याला तांब्याची गोल चकती, चकतीच्या वरखाली चुंबक. बारीक तार त्या चकतीखाली. झुलले की चकतीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन झुलणे विरते, पीळ मात्र खालच्या तारेतच राहतो. चुंबक तिथेच, म्हणजे दांडीपासून अर्ध्या मीटरवर, आणि भोवती मऊ लोखंडाचे कवच.

अवांतर: भारतात हे काम गंभीरपणे झालेले आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेच्या गटाने कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखालच्या प्रयोगशाळेत टॉर्शन बॅलन्स टांगून मध्यम पोचीच्या बलावर मर्यादा घातली, निकाल १९८८ चा. जमिनीखाली जाण्याचे कारण इथे वर लिहिलेलेच: तापमान आणि कलणे.

---

दोन_सिग्मा

सगळं वाचलं. तरीही प्रश्न उरतो: हे करून मिळणार काय? याच अंतरांवर १९७६ मध्ये लाँग या भौतिकशास्त्रज्ञाने न्यूटनपासून फरक दिसल्याचे छापले होते. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या गटाने १९८० मध्ये आणि नंतर १९८५ मध्ये तो खोडून काढला, दहा हजारांत एकच्या आसपास अचूकतेने. चाळीस वर्षांपूर्वीची मर्यादा तुम्ही शंभरपट वाईट अचूकतेने पुन्हा काढणार.

त्यापेक्षा सर्न या युरोपीय कणप्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएस प्रयोगाचा २०१२ चा दोन-म्यूऑनांचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा) संच आहे: ६ कोटी १५ लाख घटना, २ जीबीच्या आसपास. साध्या लॅपटॉपवर चालतो. विरुद्ध भाराचे दोन म्यूऑन निवडा, आडवे संवेग आणि कोन घेऊन जोडीचे वस्तुमान काढा, लॉग अक्षावर आलेख काढा. ओळखीच्या कणांची शिखरे दिसतील: ओमेगा, फाय, ३.१ जीईव्हीला जे-साय, साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान अप्सिलॉनची तीन शिखरे, ९१ ला झेड. मग मधल्या मोकळ्या जागेत नवे शिखर शोधा. आयसर पुणे सीएमएसमध्ये आहे, प्रश्न पडला तर विचारायला माणसे गावातच.

---

पेठेतला_भौतिकवाला

@दोन_सिग्मा, सूचना चांगली आहे, पण तिथला खड्डाही सांगा की. ट्रिगरच्या (कोणती टक्कर नोंदवायची ते ठरवणाऱ्या चाळणीच्या) उंबरठ्यामुळे आलेखाला जे खांदे येतात ते नवशिक्याला शिखरासारखे दिसतात. आणि आलेखात २०० खाने असतील तर निव्वळ योगायोगाने त्यातल्या एखाद्या खान्यात ३ सिग्माचा (नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट) उंचवटा येण्याची शक्यता २४ टक्के. म्हणजे दर चार विद्यार्थ्यांत एकाला नवा कण. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या एलएचसी कोलायडरच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांत दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीला उंचवटा होता. पुढच्या आठ महिन्यांत जास्त डेटा आला आणि तो विरून गेला.

‘आधीच झालंय’ हा मुद्दा मात्र पटला नाही. पाचव्या बलाचा इतिहासच मुळी पुन्हा मोजण्याचा आहे. १९८६ मध्ये फिशबाख आणि सहकाऱ्यांनी हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ एओटव्हॉश यांचा १९२२ साली छापलेला डेटा पुन्हा चाळला. वेगवेगळ्या पदार्थांवरचा उरलेला बारीक फरक त्यांच्यातल्या बॅरिऑन संख्येच्या (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) प्रमाणात दिसत होता. मग सगळे कामाला लागले. थीबर्गर यांनी न्यू जर्सीच्या पॅलिसेड्स कड्यावर पाण्यात तांब्याचा पोकळ गोळा तरंगत ठेवला, तो कड्यापासून दूर सरकला. नॉर्थ कॅरोलिनात ६०० मीटरच्या टीव्ही मनोऱ्यावर गुरुत्व मोजले, तिथेही फरक. पाण्याच्या बाबतीत संशय आतल्या प्रवाहांवर गेला. मनोऱ्याच्या बाबतीत जमिनीवरची मोजमापे सखल, सोयीच्या जागीच जास्त घेतली गेली होती, म्हणून हिशोबातले क्षेत्र तिरके झाले. दोन्हीकडे उपकरण ठीक होते, आजूबाजूची जाण कमी पडली. वर नळीतला_वारा आणि काळा_पाषाण जे लिहितायत तेच.

हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या गटाने दावा केलेला १७ एमईव्हीचा कण, २०१६ पासूनचा, तोही त्याच रांगेत. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ प्रयोगाने तीच अणुक्रिया स्वतःच्या यंत्रावर करून पाहिली, ठोस संकेत मिळाला नाही.

---

अर्धवर्तुळ

@दोन_सिग्मा, विक्रम करायचा नाही. पण मिळेल ती मर्यादा स्वतःच्या चुकांच्या हिशोबासकट मांडता यावी. पाच सेंमी पोच धरून अल्फावर किती मर्यादा येईल, हा आकडा कुणी तपासून देईल का? खोलीतच का, खडकवासल्याच्या भिंतीवर का नाही, असाही एक विचार आला. धरणातले पाणी वरखाली होतेच, त्याचेच गुरुत्व मोजायचे.

---

दोन_सिग्मा

टोमणा मारला तरी गणित करतो. :) लॅम्डा ५ सेंमी असेल तर लांबच्या गोळ्यासकट ५ सेंमीवर पीळबल अल्फाच्या ०.७७ पट वाढते, १० सेंमीवर ०.५० पट. दोन्हींच्या प्रमाणात फरक ०.२७ अल्फा. प्रमाण अर्ध्या टक्क्याने मोजलेत तर अल्फा साधारण २ टक्क्यांच्या आत बांधता येतो, एक सिग्मावर. अडचण कोनाची नाही. टीसीडी१३०४ सेन्सरचा एक पिक्सेल ८ मायक्रॉनचा, ३ मीटरवर तो १.३ मायक्रोरेडियन. तारेची औष्णिक थरथर ०.६. १० सेंमीवरचा संकेत बाजू बदलताना दीड मिलिरेडियनच्या वर आहे. अडचण अंतराची: ५० मिमीमध्ये ०.१ मिमी चुकलात की बलात ०.४ टक्के. व्हर्नियरने चालणार नाही. पाटावर छिद्रे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) एकाच सेटिंगमध्ये पाडून घ्या, गोळे त्यांत बसतील असे. दोन्ही अंतरांची छिद्रे एकाच पत्र्यात. मग अंतरांमधला फरक तरी यंत्राच्या अचूकतेचा राहतो. दांडीचा मध्य पाटाच्या मध्यावर नसेल तर एका बाजूचे अंतर वाढते, दुसऱ्याचे घटते, सरासरीत पहिल्या क्रमाची चूक निघून जाते, म्हणून गोळे नेहमी जोडीनेच.

१ टक्का प्रमाण साधलात तर अल्फा ४ टक्के. हाच आकडा प्रामाणिक वाटतो.

---

काळा_पाषाण

खडकवासल्याचे: १ मीटर पाण्याचा मोठा थर म्हणजे फक्त ४२ मायक्रोगॅल (गॅल हे गुरुत्वीय त्वरणाचे एकक). मोजता येईल, पण तलाव भरतो आणि रिकामा होतो महिन्यांच्या हिशोबाने. त्याच महिन्यांत तापमान बदलते, भूजल बदलते, धरणाच्या भिंतीवरचा दाब बदलून जमीन कलते. सगळे एकाच तालात, वेगळे कसे करणार? स्रोत तासांत बदलायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये गिगरवाल्ड जलाशयावर पाणी चाळीसेक मीटरने वरखाली होते तिथे हा प्रयोग झाला. १९८९ मध्ये बेनेट यांनी अमेरिकेत स्नेक नदीच्या लिटल गूज लॉकमध्ये, बोटींसाठी पाणी भरते-उतरते तिथे, तांबे-शिसे जोडी टांगली. आपल्याकडे त्या धर्तीवर नाव घ्यायचे तर घाटघरच्या उदंचन प्रकल्पाचे, तिथे पाणी वर चढवतात आणि खाली सोडतात. पण ते एमएस्सीचे काम नव्हे.

---

पेठेतला_भौतिकवाला

वाचनाची पद्धत राहिली. क्रम अ-ब-ब-अ ठेवा, सरळ रेषेत सरकणारा शून्यबिंदू आपोआप वजा होतो. प्रत्येक जागी तीन पूर्ण आवर्तने, म्हणजे २५ मिनिटे, त्यावर साइन वक्र बसवून समतोलबिंदू काढा. नुसती सरासरी घेतलीत तर अर्धवट आवर्तनाचा तिरकेपणा आत येतो. एका रात्रीत तीन पूर्ण संच होतील. ५ आणि १० सेंमीच्या रात्री आळीपाळीने. एक महिना फक्त ५, पुढचा महिना फक्त १० असे केले तर दोन महिन्यांच्या तापमानातला फरक प्रमाणात शिरतो.

लेझर पॉइंटरचा ठिपका स्वतःही भटकतो. किरण दुभंगून एक भाग चौकटीला पक्क्या आरशावर पाडा आणि दोन्ही ठिपक्यांमधला फरक वापरा. आरसा पुढून मुलामा दिलेला हवा. जुन्या स्कॅनरमध्ये असतो, बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात दोन-चार स्कॅनर उचला. घरगुती आरसा दोन ठिपके देतो आणि सेन्सर गोंधळतो.

---

ओहम_शांती

खोटे गोळे विसरू नका. दीड किलोच्या गोळ्यांसारखेच दिसणारे, त्याच मापाचे थर्मोकोलचे गोळे, वर तोच ग्रॅफाइटचा हात, तीच अर्थिंगची तार. चारपैकी एक रात्र ते बसवून सगळा क्रम तसाच चालवायचा. त्यांचे गुरुत्व जवळजवळ शून्य, तेव्हा ठिपका हलता कामा नये. हलला तर तो विद्युतभार, वारा किंवा मोटरची ऊब, आणि तो किती हलला तेवढी तुमच्या अंतिम आकड्यातली पद्धतशीर चूक. ही रात्र हिशोबात वजा करायची नाही, चूक म्हणून जोडायची.

---

दोन_सिग्मा

+१. आणि एक कुलूप आकड्यांनाही. १० सेंमीच्या सगळ्या कोनांना एकाच आकड्याने गुणा, ०.९ ते १.१ मधला कोणताही. तो आकडा प्रोग्रामने निवडावा आणि तिसऱ्या माणसाकडच्या पाकिटात राहावा. कोणत्या रात्री टाकायच्या, किती सिग्माचे बिंदू गाळायचे, चुकांचा तक्ता, हे सगळे ठरून वहीत तारखेसह लिहिल्यावरच पाकीट फोडायचे. नाहीतर प्रमाण न्यूटनच्या जवळ आले की माणूस चुका शोधायचे थांबतो.

---

अर्धवर्तुळ

वाचनखूण साठवली. बदल असे: चपटा डबा, सीएनसी पाट, वातावरणीय दाब, खोटे गोळे, पाकीट. तार मागवली आहे. पाकीट विभागातल्या कुणाकडे ठेवू की बाहेरच्या?

---

शिसेगोळी

बाहेरच्या. आणि गोळे ओतायच्या आधी साच्यात वर एक जाडसर गळा ठेवा, आकसताना पोकळी त्या गळ्यात जाते, मग तो कापून टाकायचा. १३२ ग्रॅमच्या तपासणीत पास होण्याची शक्यता बरीच वाढते.